गणित बरोबर, आई चूक

"नवव्या वर्षी बाळंत झाली का रे तुझी आई?"

हे विचारलं तेव्हा खडू माझ्या हातातच होता. फळ्यावरचं अक्षर माझं. समीकरण माझं. आई माझी.

आठवीचा वर्ग. वळसंगच्या पलीकडं आमचं गाव. हायस्कूल नवंच झालेलं, पत्र्याची खोली, दुपारच्या तासाला भट्टीसारखी तापायची. बीजगणितात शाब्दिक उदाहरणं चालू होती, वयाची. अमक्याचं वय तमक्याच्या तिप्पट, पाच वर्षांनी दुप्पट होईल, तर आज किती. पुस्तकातली सगळी करून झाली. आदल्या दिवशी गणिताचे सर खुशीत होते. म्हणाले, "पुस्तकातलं पुरे. उद्या प्रत्येकानं घरचं उदाहरण करून आणायचं. आईचं वय आणि तुमचं वय. समीकरण तुम्हीच मांडायचं, तुम्हीच सोडवायचं."

मला गणित यायचं. आमच्या वस्तीतली आम्ही तिघं मागं, दाराजवळ बसायचो. कुणी बसवलं होतं असं नाही. जागाच तिथं असायची. पण फळ्यावरचं उदाहरण सर लिहून पुरं करायच्या आत माझ्या वहीत उत्तर असायचं. वहीत असायचं, तोंडात नसायचं. मला कुणी विचारायचं नाही. त्या दिवशी म्हटलं, आता विचारतील. आता प्रत्येकाला विचारणार आहेत.

घरी आलो. आई भाकरी थापत होती.

"आई, तुजं वय किती?"

"मला काय ठावं. तू जल्मलास तवा हुलगं काढाय गेले हुते, एवडं सांगते."

"आन् लगीन झालं तवा?"

"तवा? शेरडाएवडी हुते." आणि स्वतःच हसली.

हुलग्यावरून समीकरण होत नाही, शेरडावरून तर नाहीच. मला आकडा पाहिजे होता. उतरंडीमागच्या पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्ड काढलं. वडिलांचं नाव, खाली आईचं नाव, नावापुढं वय : २२. शाईनं लिहिलेलं, वर सरकारी शिक्का. म्हणजे पक्कं. माझं वय शाळेत तेरा. तेही पक्कं, रजिस्टरात होतं. दोन्ही आकडे कागदावरचे. मी कंदील लावायच्या आत उदाहरण तयार केलं. ताळाही करून पाहिला. जुळला.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर विलासचा. पाटलांचा विलास, पहिल्या बाकावरचा. त्यानं लिहिलं : आईचे वय माझ्या वयाच्या दुप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते तिप्पट होते. सोडवलं. विलासचं वय दहा आलं, आईचं वीस.

सर हसले. मायेनं हसले. "अरे विलास, दहा वर्षांचा घोडा आठवीत कसा? आकडा चुकलाय कुठंतरी. घरी आईसाहेबांना नीट विचारून ये." विलासही हसला. वर्ग हसला. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं.

आणखी पाच-सहा जण झाले. मग सरांनी दाराकडं बोट केलं. "तू."

मी फळ्यावर लिहिलं :

आईचे वय माझ्या वयापेक्षा ९ ने जास्त आहे. दोघांच्या वयांची बेरीज ३५ आहे. माझे वय x मानू. x + (x + ९) = ३५. म्हणून २x = २६. म्हणून x = १३. माझे वय १३. आईचे वय २२.

एक पायरी चुकली नाही. "म्हणून"ची तीन टिंबंसुद्धा नीट काढली होती. सरांनी खडू घेतला आणि खाली बरोबरची खूण केली. माझ्या गणिताला फळ्यावर मिळालेली पहिली खूण. खूण करून झाली, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "आई चूक आहे."

मला कळलं नाही.

"बाविसातून तेरा गेले किती?"

"नऊ."

तेव्हा त्यांनी ते विचारलं. आणि वर, वर्गाकडं बघत, "तुमच्यात चालतं काय असलं?"

तुमच्यात.

वर्ग हसला, पण विलासला हसला तसा नाही. मुली तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. विलास बाकावर हात आपटून हसला. माझ्या वस्तीतले दोघं खाली बघत होते. माझे कान आतून वाजायला लागले. मला वाटलं, आई त्या फळ्यावर उभी आहे, परकर-पोलक्यातली, पोट पुढं आलेली, आणि सगळा वर्ग तिला बघतोय. तिला तिथून काढायला पाहिजे होतं. कसंही करून काढायला पाहिजे होतं.

मी म्हणालो, "सर, ती माझी सावत्र आई हाय."

हसणं थांबलं. पाणी बंद केल्यावर नळ थांबतो तसं.

"हां," सर म्हणाले. "मग बसतंय. आधी सांगायचं की. बस."

मी बसलो. आणि आता कबूल करतो, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बसलो तेव्हा मला बरं वाटलं. उत्तर सुटल्यावर वाटतं तसं बरं. मी तिला फळ्यावरून काढलं नव्हतं. पुसून टाकलं होतं.

*

महिन्याभरानं शिष्यवृत्तीचे फॉर्म आले. पालकांची सही लागायची. वडील सोलापुरात गिरणीत, पंधरा दिवसांनी एकदा गावी यायचे. म्हणून आईला शाळेत बोलावलं. ती काढणीतून आली होती. पदराला माती, हातात विळा. तो तिनं दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवला. आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली. सरांनी शाईचा पॅड पुढं केला, फॉर्म पुढं केला. तिनं अंगठा उठवला.

'पालकाशी नाते' अशी ओळ होती. सरांनी पेन काढलं.

"तुम्ही याच्या सावत्र आई ना?"

मी तिथंच होतो. हाताच्या अंतरावर.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होतो. निळा झालेला. मनात म्हणत होतो, आता ती म्हणणार. आता वर्गातलं सगळं पुन्हा होणार.

"व्हय जी," आई म्हणाली.

सरांनी लिहिलं. आईनं अंगठा भिंतीला पुसला, विळा उचलला आणि शेताच्या वाटेला लागली. मागं वळून बघितलं नाही. घरी कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, ती विसरली. नंतर वाटायला लागलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

आठ-दहा दिवसांनी वस्तीतल्या एका काकीनं दारातूनच हाळी दिली. "आगं, तुजा ल्योक शाळंत तुला सावत्र म्हनतोय म्हनं! खरं का ग?" मी आत होतो, चुलीशी.

"म्हनू दे की," आई म्हणाली. "शाळंत लागतंय तसं."

*

त्यानंतरचं मात्र सर्वस्वी माझं आहे. ते सरांवर ढकलता येत नाही.

खोटं एकदा बोललो, ते लहान होतो म्हणून. पण मी ते खोडलं नाही. दहावीला गणितात वर्गात पहिला आलो, तेव्हा सर सगळ्यांना सांगायचे, "सावत्र आईच्या हाताखाली राहून शिकतोय पोरगा." मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, दुःखानं घातली. सोलापूरला वसतिगृहात आलो, तिथंही गावचा एकजण होता, तिथंही गोष्ट पोचली. पोरं माझ्याशी जरा मऊ बोलायची. मला ते आवडायचं. आपल्याला कुणी मऊ बोलत नाही हो. जे काही मऊ मिळालं ते त्या खोट्याच्या बदल्यात मिळालं. मी ते घेतलं.

बी. एड. झालो. विलासच्या वडिलांची शिक्षण संस्था तोवर वाढली होती. सोलापुरात त्यांची शाळा होती. गणिताची जागा राखीव निघाली. मुलाखतीला विलासचे वडीलच खुर्चीत. माझ्याकडं बघून शेजारच्यांना म्हणाले, "आपल्याच गावचा. सावत्र आईच्या जाचातून वर आलेला पोरगा आहे."

जाच हा शब्द नवीन होता. तोपर्यंत कुणी लावला नव्हता. मी त्यांच्यासमोर बसून ऐकला. "नाही" एवढं म्हणायला तोंड उघडायचं होतं. दोन अक्षरं. मी "हो सर, आपल्या आशीर्वादानं" म्हणालो. नोकरी लागली.

वडील वारल्यावर आईला सोलापुरात आणलं. शाळेतले सहकारी कधी घरी यायचे. आई त्यांना चहा द्यायची, नातवाला कडेवर घेऊन. बाहेर पडल्यावर ते जिन्यात म्हणायचे, "सर, सावत्र असून किती करतात हो!" मी म्हणायचो, "हो ना." सव्वीस वर्षं नोकरी झाली. किती वेळा "हो ना" म्हणालो, ते मोजलं नाही.

*

कार्डाचं कोडं मला सुटलं ते नोकरीच्या पहिल्या वर्षी. आठवीलाच शिकवत होतो. तेच प्रकरण. वयाची उदाहरणं. एका मुलानं मांडताना वडिलांचं आजचं वय आणि स्वतःचं पाच वर्षांपूर्वीचं वय एका ओळीत घेतलं. मी त्याला सांगत होतो, "बाळ, x कुणाचा हे लिहिलंस, पण x कधीचा हे लिहिलं नाहीस. दोन वेगळ्या सालातले आकडे एका समीकरणात घातले, की सोडवणूक बरोबर येते आणि उत्तर खोटं येतं."

बोलता बोलता थांबलो. खडू खाली ठेवला. वर्गाला उदाहरणं करायला सांगितली आणि खिडकीशी उभा राहिलो.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा पेटीतलं जुनं कार्ड काढलं. मागच्या पानावर तारीख होती. आजोबांपासून आम्ही वेगळे निघालो तेव्हाचं कार्ड. मी आठवीत होतो त्याच्या आठ वर्षं आधीचं. आई बावीसची होती ती त्या साली. मी कार्ड बघितलं, तारीख बघितली नाही. आणि माझे तेरा? माझं नाव शाळेत घातलं तेव्हा जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. गुरुजींनी सांगितलं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. माझे हात लांब. हुलग्याच्या सुगीपासून मोजलं, तर जेमतेम साडेचार वर्षांचा होतो, पण हात पोचला. लिहिलं : सहा पूर्ण, एक जून. आमच्या वस्तीतली सगळी पोरं एक जूनला जन्मलेली आहेत.

बावीस आणि आठ, तीस. तेरातून दीड गेले, साडेअकरा. तिसातून साडेअकरा गेले, साडेअठरा. माझी आई साडेअठरा वर्षांची असताना मी झालो. इतकं साधं होतं. वजाबाकी होती नुसती.

आणि मग दुसरं सुटलं. ते सुटायला नको होतं असं आजही वाटतं. विलासचं उत्तर आठवलं. विलास दहा, आई वीस. म्हणजे विलासची आई दहाव्या वर्षी बाळंत झाली. फळ्यावर होतं, ढळढळीत. सरांनी बघितलं, वर्गानं बघितलं, मी बघितलं. कुणाच्याही डोक्यात ती वजाबाकी आली नाही. विसातून दहा कुणी काढले नाहीत. तिथं आकडा चुकला होता. "आईसाहेबांना विचारून ये." माझ्या वेळेला आकडा चुकूच शकत नव्हता. एका वर्षाचा फरक फक्त. त्याचे दहा, माझे नऊ.

सर वाईट नव्हते. हेच सांगायला अवघड जातं. त्यांनी कधी हात उगारला नाही. फी भरायला उशीर झाला तर थांबायचे. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांना आमच्याबद्दल एक गोष्ट आधीच माहीत होती, आणि माझ्या गणितानं त्यांना तेवढीच सिद्ध करून दिली.

हे सगळं मला पंचविसाव्या वर्षी कळलं. कळूनही गप्प बसलो. दरवर्षी ते प्रकरण शिकवलं. पुस्तकातून. घरचं उदाहरण आणा असं एकदाही म्हणालो नाही. सहकाऱ्यांना वाटायचं, सर जुन्या वळणाचे आहेत.

*

यंदा आमच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. हल्ली सगळीकडं करतात तसंच, जुन्या वर्गात पुन्हा वर्ग भरवायचा, घंटा वाजवायची, हजेरी घ्यायची, म्हाताऱ्या सरांनी एक तास घ्यायचा. आणि विलासरावांची कल्पना, 'मातृसन्मान'. ज्यांच्या आया हयात आहेत त्यांनी त्यांना घेऊन यायचं. विलासराव आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. म्हणजे माझे मालकच.

आईला न्यायचं नव्हतं मला. पण गाव म्हटल्यावर ती आदल्या दिवसापासून तयार. जरीकाठाचं लुगडं काढलं. "तितं कोन कोन आसंल रं?" विचारत बसली.

खोली तीच, वर आता पत्र्याच्या जागी स्लॅब. आम्ही पन्नाशीतली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. मी मागं, दाराजवळ. कुणी बसवलं नव्हतं. आया भिंतीकडच्या खुर्च्यांवर. सर आले, काठी टेकत. सगळे पाया पडले. मीही पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "माझा गणिताचा वारसदार," म्हणाले. खोटं नव्हतं ते.

विलासराव माइक घेऊन फळ्याजवळ उभे राहिले. एकेका आईचं नाव घेत होते. साडी, नारळ, टाळ्या. चार-पाच झाल्या. मग म्हणाले, "आता एक विशेष सन्मान. जन्म दिला नाही, पण घडवलं. सावत्र असूनही आमच्या मित्राला ज्यांनी शिकू दिलं..."

शिकू दिलं.

"...त्या आदर्श सावत्र मातेला मी विनंती करतो, पुढं यावं."

टाळ्या पडल्या. माझी आई उठली. पदर सारखा केला, खुर्चीला धरून सरळ झाली आणि चालायला लागली. तोंडावर काहीच नव्हतं. त्या दिवशी उंबऱ्याशी उभी होती तसंच. दोन्ही हात पुढं करून ती ते घ्यायला निघाली होती. आणि मी बाकावर बसून होतो. मला दिसलं की आता मी उठलो नाही, तर ही साडी ती नेसणार. धुऊन, घडी घालून, पुन्हा नेसणार. मेली तरी ते 'सावत्र' तिच्या अंगावर राहणार.

"आई, थांब," मी म्हणालो.

ती थांबली. टाळ्या विस्कटल्या.

"विलासराव, माइक द्या."

"अरे, बोल की नंतर..."

"आत्ता द्या."

मला भाषण येत नाही. मी फळ्यावर लिहिणारा माणूस. मी म्हणालो, "ही माझी सख्खी आई आहे. हिनं मला जन्म दिलाय. सावत्र आहे हे मी खोटं बोललो होतो. या खोलीत. इथं उभा राहून."

मग खडू घेतला. तेच समीकरण लिहिलं. खाली कार्डाचं साल, खाली आठ, खाली कान धरायचा हात. साडेअठरा काढून दाखवले. कुणाला कळत होतं, कुणाला नव्हतं. मग त्याच्या शेजारी विलासचं लिहिलं. दहा आणि वीस. त्याच्याखाली एक वजाबाकी मांडली आणि उत्तर लिहिलं नाही.

"सर," मी म्हणालो, "ही वजाबाकी तेव्हा तुम्ही का केली नाहीत?"

सरांनी फळ्याकडं बघितलं. गणिताचेच ते, त्यांना कळलं. "अरे, गमतीत बोललो असेन मी," ते म्हणाले. "इतकं मनात ठेवलंस?"

"तुम्ही विसरू शकलात, सर. मला ते घेऊन नोकरी करायला लागली."

विलासराव हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या आईला यात आणायचं कारण नव्हतं." त्यांच्या मातोश्री पहिल्या खुर्चीत होत्या. त्यांना काही ऐकू गेलेलं नव्हतं, त्या हसत होत्या.

"आईच्या नावानं वजाबाकी झाली की कसं वाटतं, ते बघा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. हे म्हणायला नको होतं असं नंतर दोघा-तिघांनी फोन करून सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईची काय चूक, म्हणाले. काही चूक नाही. माझ्या आईची होती का?

*

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. साडी तिनं घेतली नव्हती. मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. डोक्यावरून हात फिरवेल. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि मनात हे.

वळसंग मागं पडल्यावर ती बोलली. "आज कशाला बोललास?"

"खरं होतं म्हणून."

"खरं तवाबी हुतं."

मी तिकिटाची घडी घातली.

"तुज्या बाला कुनी तरी सांगितलं तवा. पोरगं सावत्र म्हनतंय म्हून. तो मला म्हनला, तू पोराला काय करतीस गं? मारतीस? उपाशी ठेवतीस? उगंच म्हनंल का पोरगं?" ती बाहेरच बघत होती. "दोन येळा गावी आला. माज्या हातचं खाल्लं न्हाय. काकीच्यात जेवला."

"तू सांगितलं नाहीस त्याला?"

"काय सांगू? ल्योक खोटं बोलतोय म्हनू? तुला बडवला आसता. शाळंतनं काडला आसता." मग म्हणाली, "तवा बोलायला पायजे हुतं. आता माजं काय ऱ्हायलंय."

सोलापूर आलं. बोरामणी नाक्यावर उतरताना मी हात पुढं केला. तिनं दांड्याला धरलं आणि स्वतःच उतरली.

*

मी तिची माफी मागितलेली नाही. मागणार नाही. मागितली तर ती "जाऊ दे" म्हणेल, आणि मला पुन्हा बरं वाटेल. तिच्या जिवावर बरं वाटून घेणं आता पुरे.

काल संस्थेकडून एक पत्र आलं. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून दिलं, दार लावून घेतलं. मसुदा संस्थेनंच टाइप करून पाठवलाय, दोन ओळींचा. 'ज्येष्ठ गुरुजनांच्या व मा. अध्यक्षांच्या मातोश्रींच्या भावना माझ्याकडून दुखावल्या गेल्या, त्याबद्दल मी बिनशर्त दिलगिरी व्यक्त करतो.' खाली माझं नाव. वर टिंबांची ओळ.

मुख्याध्यापक भला माणूस आहे. म्हणाला, "सर, सही करून टाका. सहा वर्षं राहिलीत तुमची. पेन्शनचे कागद शेवटी तिकडूनच जातात. दोन ओळींनी काय बिघडतंय?"

"विचार करतो" म्हणालो. ती सवय. घरी येऊन लिहायला बसलो, आणि हे लिहिलं.

आज सकाळी आठवीच्या वर्गात पोरांना सांगितलं, उद्या घरचं उदाहरण आणा. आईचं वय, तुमचं वय. कुणाला आकडा माहीत नसेल तर तसं लिहा. कुठल्या कागदावरून आकडा घेतला ते लिहा, कागदाची तारीख लिहा. आणि उत्तर विचित्र आलं तर कुणीही हसायच्या आधी मी त्या पोराच्या बाकाशी जाऊन बसणार आहे, आकडा कुठून आला ते दोघांनी मिळून सापडेपर्यंत. तास संपला तर संपला. प्रकरण मागं राहिलं तर राहिलं. माझ्या वर्गात आता 'तुमच्यात' कुणी म्हणणार नाही. शिक्षक नाही, पोरगं नाही, तपासणीला आलेला साहेब नाही. म्हणाला तर मी त्याला तिथंच, पोरांसमोर थांबवणार आहे.

सोमवारी ते पत्र मागतील. मी ते आणलेलं असेल. टिंबांच्या ओळीवर काही नसेल. विचारलं, तर तोंडी सांगणार : सही करणार नाही. मग पुढचं त्यांनी ठरवावं. माझं ठरलंय.